दीड वीत

"लेक किती लांब असते हो तुमची?" असं लोक मला सोळा वर्षं विचारतायत आणि सोळा वर्षं मी "अमेरिकेत" एवढंच सांगून वेळ मारून नेतोय. दुसऱ्या कुणाला हे चालून गेलं असतं. मी भूमी अभिलेख खात्यात छत्तीस वर्षं भूकरमापक होतो. अर्ध्या फुटाच्या बांधावरून सख्खे भाऊ एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत, तिथे मी साखळी घेऊन जायचो, मोजायचो, खुणा दाखवायचो आणि चहा न घेता परत यायचो. चहा कुणाच्या घरचा घ्यायचा यावरून पुन्हा हरकत येते. सांगायचं एवढंच, की 'अंतर किती' या प्रश्नाला 'लांब' हे उत्तर आमच्या खात्यात चालत नाही.

हा विषय परवा नातीने काढला. ती सॅन फ्रान्सिस्कोजवळ फ्रीमॉन्टला राहते, तिसरीत आहे. शाळेत त्यांना घरातल्या माणसांची चित्रं काढून प्रत्येकाखाली काहीबाही लिहायला सांगितलं होतं. व्हिडिओवर तिने मला विचारलं, "आजोबा, तुम्ही किती दूर राहता?"

मी जरा गडबडलो. आम्ही कुठे दूर राहतो? आम्ही वाईत राहतो. दूर तुम्ही राहता.

पण हे नऊ वर्षांच्या पोरीला सांगायचं कसं, या विचारात मी असतानाच तिच्या आईने फोनमध्ये बघून आकडा सांगून टाकला. मुंबई विमानतळ ते सॅन फ्रान्सिस्को विमानतळ, १३,५१० किलोमीटर. नातीने तो माझ्या चित्राखाली लिहिला. चित्रात मला मिशा काढल्या होत्या, त्या मला नाहीत. पण मिशांपेक्षा तो आकडाच मला जास्त खुपला. कुणी मोजलं? कधी मोजलं? कुठल्या दगडापासून कुठल्या दगडापर्यंत?

मोजणीत पहिला प्रश्न हाच असतो. दगड सापडला नाही तर बाकी सगळं हवेत. आणि इथे तर मुळातच सगळं हवेत. चौकशी केली तेव्हा कळलं की प्रत्येक विमानतळाला एक ठरलेला संदर्भबिंदू असतो, धावपट्ट्यांच्या पसाऱ्याच्या साधारण मध्यावरचा. त्याचे अक्षांश-रेखांश जगजाहीर असतात आणि दोन विमानतळांमधलं अंतर त्या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत धरतात. म्हणजे जिथे कुठल्याही प्रवाशाचं पाऊल जन्मात पडत नाही, तिथून हे अंतर सुरू होतं आणि तशाच दुसऱ्या जागी संपतं. वाईहून निघून खंबाटकीचा बोगदा, पुणे, द्रुतगती मार्ग, कळंबोली, चेंबूर असं करत विमानतळापर्यंत यायला आम्हाला जो अर्धा दिवस लागतो, तो हिशेबात नाही. आत शिरल्यावर पट्टा-बूट काढून पुन्हा घालायचे, ते नाही. हिने बॅगेचं वजन भरताना गोडा मसाला एका बॅगेतून दुसरीत टाकायचा आणि पुन्हा पहिलीत आणायचा, ते तर नाहीच.

शिवाय सॅन फ्रान्सिस्कोचा विमानतळ सॅन फ्रान्सिस्कोत नाहीच. तो शहराच्या दक्षिणेला सॅन मटेओ काउंटीत आहे. याचं आम्हा सातारकरांना नवल वाटायचं कारण नाही, आमचं सातारा रोड नावाचं स्टेशन कोरेगाव तालुक्यात आहे. १९२७ साली तो विमानतळ सुरू झाला तेव्हा तिथे गुरं चरायची. दीडशे एकर कुरण भाड्याने घेऊन त्यावर विमानं उतरवली. गायरानाचा वापर बदलला की आमच्याकडे फाइल किती टेबलांवरून फिरते ते मला ठाऊक आहे, त्यामुळे हे वाचून मला नुसताच हेवा वाटला. मुंबईची तऱ्हा वेगळी. शहराचं नाव १९९५ साली बदललं, विमानतळाला महाराजांचं नाव लागलं, पण बॅगेला बांधायच्या चिठ्ठीवर अजून बॉम्बेची तीन अक्षरं छापून येतात. सातबाऱ्यावर वारलेल्या खातेदाराचं नाव तीस-तीस वर्षं तसंच राहतं ना, त्यातला प्रकार. फेरफार नोंदवायला कुणी गेलंच नाही.

तर दगड मिळाले. आता साखळी.

आमची जुनी साखळी तेहेतीस फुटांची. तेहेतीस बाय तेहेतीस म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर, हे हिशेब माझ्या बोटांवर आहेत. तेव्हा सहज म्हणून काढून बघितलं. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को तेरा लाख त्रेचाळीस हजार साखळ्या भरतात. दिवसाला शंभर साखळ्या धरल्या आणि आमच्या वेळच्या सुट्ट्या, म्हणजे रविवार, दुसरा-चौथा शनिवार, गणपती-दिवाळी सोडल्या, तर मोजणी पुरी व्हायला पन्नासेक वर्षं लागतील. अर्ज अतितातडीचा असला तरी.

म्हणून मी माळ्यावरून पृथ्वीगोल काढला.

हा गोल लेकीचाच. चौथीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत तिचा नंबर आला तेव्हा १९९० साली पुण्यात अप्पा बळवंत चौकातून आणलेला. तीस सेंटीमीटर व्यासाचा, पुठ्ठ्याचा, पितळी खिळ्यावर फिरणारा. त्यावर सोव्हिएत संघ अजून अखंड आहे, आणि मुंबईचं नावही जुनंच. एका बाजूला समुद्राला पोचा आलाय. या गोलावर बोट फिरवून तिने आईला विचारलं होतं, "आपण इथे, मग ही माणसं पडत कशी नाहीत?" तेव्हा आम्ही हसलो होतो. ती त्या माणसांत जाऊन राहणार आहे, हे तेव्हा कुणाला माहीत!

हिच्या शिवणाच्या डब्यातून फॉल लावायचा लाल दोरा घेतला. मुंबईवर टाचणी, सॅन फ्रान्सिस्कोवर टाचणी. दोरा मी आपला आयुष्यभराच्या समजुतीप्रमाणे पश्चिमेने नेला: अरबी समुद्र, अरबस्तान, आफ्रिका, अटलांटिक, मग अमेरिका आडवी कापून पलीकडचा किनारा. अमेरिका पश्चिमेला आहे, हे कुणाला सांगायला लागतं का? शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात ती डाव्या हाताला असते. संध्याकाळी मावळतीकडे बघून ही रोज म्हणते, "आता तिच्याकडे उजाडत असेल." बरोबरच म्हणते. मीही तिकडेच बघायचो.

दोरा सैल होता तोवर मी म्हणेन तिकडे जात होता. ताणला आणि त्याने माझं ऐकणं सोडलं. आफ्रिका सोडून तो युरोपवर सरकला, तिथून ग्रीनलंडवर चढला आणि थेट उत्तर ध्रुवावरच्या पितळी खिळ्याला जाऊन अडकला. नखाने सोडवून पलीकडे घेतला, तेव्हा कुठे तो शांत बसला. खिळ्यापासून साडेतीन सेंटीमीटरवर, सायबेरियाच्या माथ्यावर.

मी टाचण्या काढून पुन्हा लावल्या. पुन्हा तेच.

चूक दोऱ्याची नव्हती. भिंतीवरचा तो नकाशा मर्केटर नावाच्या माणसाने १५६९ साली ज्या पद्धतीने काढला, त्या पद्धतीचा. दर्यावर्दी लोकांना होकायंत्राची एकच दिशा धरून जाता यावं म्हणून तो केलेला, आणि त्या कामाला तो सोळा आणे खरा. पण गोल उलगडून सपाट करायचा म्हणजे वरचा भाग ताणावा लागतो, म्हणून ग्रीनलंड त्यात आफ्रिकेएवढं दिसतं. खरं तर आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. क्षेत्रात चौदापटीची चूक! आमच्याकडे चौदा टक्क्यांची झाली तरी चौकशी लागते. त्या नकाशावर पट्टी ठेवून पश्चिमेने सरळ रेघ मारली, तर मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को एकोणीस हजार किलोमीटरच्या वर जातं. म्हणजे सरळ रेघ धरल्याबद्दल साडेपाच हजार किलोमीटरचा भुर्दंड. गोलावरची जवळची वाट नकाशावर काढली तर ती कमानीसारखी वाकडी दिसते. या वाटेला भूगोलात बृहद्‌वृत्त म्हणतात. आम्ही वाकडा बांध सरळ करण्यात हयात घालवली, आणि इथे वाकडं दिसतं तेच सरळ.

दोरा ओढून घेऊन पट्टीवर धरला. बत्तीस सेंटीमीटरला किंचित कमी. माझ्या हाताची दीड वीत. गोलाच्या प्रमाणाने गुणला तर साडेतेरा हजार किलोमीटर भरले. मग जुनं लॉगटेबल काढून दोन दिवस गणित केलं. निवृत्त माणसाला एवढं करायला कुणी अडवत नाही. उत्तर फोनने सांगितलं तेच आलं. फोन बरोबर निघाला याचं मला थोडं वाईटच वाटलं.

पण त्या दोन दिवसांत ती वाट माझ्या ओळखीची झाली. मुंबईहून ती निघते ती पश्चिमेला नाहीच, जवळपास उत्तरेला, थोडीशी उजवीकडे झुकून. जव्हारच्या जवळून जाते. चितोडगडाच्या बाजूने राजस्थानात शिरते, पतियाळ्याच्या अंगाने वर चढते आणि लेहच्या जवळजवळ डोक्यावरून काराकोरम ओलांडते. पुढे तकलामकानचं वाळवंट, कझाकस्तानचा कोपरा, अल्ताई पर्वत, मग सायबेरिया, सायबेरिया आणि सायबेरिया. मग गोठलेला समुद्र. तिथून खाली वळते ती नेमकी अलास्काच्या उत्तर टोकावरच्या उत्कियागविक नावाच्या गावावरून. त्या गावात हिवाळ्यात दोन महिने सूर्य उगवत नाही. पुढे कॅनडाचा पश्चिम किनारा, आणि ऑरेगॉनच्या बाहेरून समुद्रावरून उतरत सॅन फ्रान्सिस्को. माझी लेक आणि मी यांच्या मध्ये जव्हार, लेह आणि एक अंधारातलं गाव आहे, हे मला बहात्तराव्या वर्षी कळलं.

मोजणीला जायच्या आधी लगतच्या कब्जेदारांना नोटिसा काढाव्या लागतात. नोटीस लागली नाही तर मोजणी रद्द. मी गंमत म्हणून यादी केली. माझ्या गोलावर काम सोपं होतं: चीन, सोव्हिएत संघ, अमेरिका, कॅनडा. चार नोटिसा. आज कझाकस्तान वेगळा झालाय, म्हणजे खातेफोड झाली, पाचवी नोटीस. आणि हे लगतदार आमच्या लगतदारांसारखेच आहेत. विमानं या दोऱ्यावरून जात नाहीत त्याला एक कारण डोंगर आहे. विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर दहा हजार फुटांच्या आसपास खाली यावं लागतं, आणि काराकोरमात जमीनच त्याहून वर आहे. दुसरं कारण बांधाचं. २०२२ पासून अमेरिकी कंपन्यांना रशियावरून जायची वाट बंद झाली. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपल्या विमानांना वाट बंद केली, आपणही त्यांना केली. वहिवाटीचा रस्ता अडवला तर आमच्याकडे १९०६ चा मामलेदार कोर्ट कायदा आहे, कलम पाचखाली अर्ज टाकता येतो. तहसीलदार स्थळपाहणी करतात आणि अडथळा दूर करायचा हुकूम देतात. आकाशाला तहसीलदार नाही. वळसा घालायचा, जास्त तेल जाळायचं आणि वाटेत कुठेतरी उतरून पुन्हा भरायचं.

दोऱ्याचं हे सगळं मी हिला गोल पुढे ठेवून समजावून सांगितलं. तिने चष्मा लावून नीट ऐकलं. ऐकून झाल्यावर म्हणाली, "म्हणजे ती उत्तरेला आहे?"

"साधारण उत्तरेलाच."

"मग उत्तरेला डोकं करून झोपू नये म्हणतात त्याचं काय? दक्षिणेला डोकं केलं की पाय येतात तिच्याकडे."

यावर भूमी अभिलेख खात्याचं कुठलंही परिपत्रक नाही. आमची कॉट पूर्व-पश्चिम आहे, ती तशीच राहू दे असं ठरलं. मात्र त्या रात्री पाणी प्यायला उठलो तेव्हा ती मागच्या खिडकीशी उभी दिसली. त्या खिडकीतून शेजाऱ्यांची पाण्याची टाकी दिसते. टाकीच्या वर ध्रुव.

वाईत विश्वकोशाचं कार्यालय असल्यामुळे आमच्या गावात शंका फार दिवस टिकत नाही. तिथल्या ग्रंथालयात बसायला लागलो आणि भास्कराचार्यांपाशी जाऊन पोचलो. हा माणूस आपल्या चाळीसगावकडचा. तिथे पाटणच्या देवळात त्यांच्या नातवाने कोरवलेला लेख आहे, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याचा. नातू असावा तर असा. माझ्या नातीने मला मिशा काढल्या.

भास्कराचार्यांनी ११५० साली सिद्धांतशिरोमणी लिहिला तेव्हा पृथ्वीचा परीघ ४,९६७ योजनं धरला. त्या हिशेबाने फ्रीमॉन्टची पोरगी आमच्यापासून सोळाशे शहात्तर योजनांवर येते. योजनांत सांगितलं की कसं भारदस्त वाटतं, कुणी तपासायला येत नाही. त्यांच्या गोलावर विषुववृत्तावर चार नगरं आहेत. लंका, तिच्या पूर्वेला यमकोटी, पश्चिमेला रोमक, आणि लंकेच्या थेट पलीकडे, पायाखाली, सिद्धपूर. लंका ज्यावर धरतात त्या उज्जैनच्या रेखावृत्ताची पलीकडची बाजू आजच्या नकाशावर काढली तर ती अमेरिकेत डेन्व्हर शहराच्या जवळून जाते. सिद्धपूर स्वतः पॅसिफिकच्या पाण्यात पडतं, पण त्या रेखावृत्तावर आज आपली पुष्कळ सिद्ध मंडळी घरांचे हप्ते फेडत राहतात. आणि उत्तर ध्रुवावर मेरू पर्वत, जिथे देवांचा दिवस सहा महिन्यांचा. माझा दोरा ज्या पितळी खिळ्याला अडकला तो मेरू होता तर!

त्याच ठिकाणी त्यांनी माझ्या लेकीच्या लहानपणच्या प्रश्नाचंही उत्तर देऊन ठेवलंय. त्याचा आशय असा, की माणूस जिथे उभा असतो तिथे त्याला पृथ्वी पायाखाली आणि आपण तिच्यावर असंच वाटतं. पलीकडची माणसं त्याला पाण्यातल्या प्रतिबिंबासारखी उलटी वाटतात, आणि तीही तिथे इथल्यासारखीच निवांत उभी असतात. नात मला विचारते तुम्ही किती दूर राहता, यात तिचं काही चुकलं नव्हतं. पण आपण दूर राहतो हे पचवायला मला अजून जड जातं. साठ वर्षं मी जगाच्या मध्यावर राहात होतो.

एक दिलासा मात्र मिळाला. फ्रेंचांनी मीटर ठरवला तोच ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचे एक कोटी भाग करून. त्यामुळे पृथ्वीचा परीघ जवळजवळ नेमका चाळीस हजार किलोमीटर येतो, आणि कुणीही कुणापासून वीस हजारांपेक्षा लांब जाऊ शकत नाही. त्यापुढे पाऊल टाकलं की परत येणंच सुरू होतं. मुंबईपासून पुरते वीस हजार मोजले तर आपण पॅसिफिकमध्ये ईस्टर बेटाच्या उत्तरेला पाण्यात पडतो, तिथे कुणाची नोकरी नाही. हे मी हिला सांगितलं. ती म्हणाली, "वीस हजारांत तेरा हजार गेलीच की!" तिची टक्केवारी नेहमी बरोबर असते.

बायकांचं अंतर वेगळ्याच मापात असतं, असं म्हणायला मी आता धजावतो. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. दोन महिने, वय अठरा. त्यांच्या पत्राला उत्तर यायचं म्हणजे महिन्यांचा हिशेब. माझ्या लेकीने "आई, भाजणीच्या थालीपिठाला तीळ आत की वर?" असं विचारल्यावर उत्तर यायला चार सेकंद लागतात, आणि तेवढ्यात ही रागावते, की पोरीने आधी भाजणी भिजवून मग विचारलं. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गदर चळवळीच्या दिवसांत त्याच सॅन फ्रान्सिस्कोच्या किनाऱ्यावर वावरले, मग मेक्सिकोत गेले, मक्याच्या नव्या जाती काढल्या आणि मोठे शेतीशास्त्रज्ञ झाले. मायदेशी उजळ माथ्याने यायला त्यांना देश स्वतंत्र व्हावा लागला. त्यांचं अंतर मोजायला ना साखळी उपयोगाची ना दोरा.

आमचं आपलं सुखाचं. पहिल्यांदा गेलो तेव्हा वाटेत युरोपात विमान बदललं. तिथल्या बाकावर ही माझ्या बाहीला धरून सहा तास बसली होती. २०२२ च्या डिसेंबरात मुंबईहून थेट विमान सुरू झालं आणि महिन्याभराने, जानेवारीत, आम्ही त्यात बसलो. निघालो दुपारी आणि उतरलो त्याच दिवशी संध्याकाळी. सोळा तास विमानात, शिवाय मध्ये एक अख्खी रात्र होऊन गेलेली, तरी तारीख तीच. पॅसिफिकवर वाररेषा ओलांडली की गेलेला दिवस परत हातात देतात. नेमकी एकादशी होती आणि हिने ती धरलेली. घड्याळाच्या हिशेबाने ती एकादशी साडेसदतीस तासांची झाली. डब्यातल्या राजगिऱ्याच्या वड्या जपानपर्यंत संपल्या. "द्वादशी कधी लागायची?" असं ती मला पॅसिफिकवर तीनदा विचारत होती, आणि मी समोरच्या पडद्याकडे बघून "अजून मागे सरकतेय" म्हणत होतो.

त्या पडद्यावरून माझी नजर हलली नाही. एवढंसं विमान, मागे पार केलेलं अंतर, पुढे उरलेलं अंतर. चाकोरीतला माणूस मी, दर तासाला दोन्ही आकडे कागदी रुमालावर मांडून बेरीज केली. एकदाही जुळली नाही, दर तासाला काही किलोमीटर वाढलेली. विमान दोऱ्यावरून चाललंच नव्हतं. कोलकात्यावरून, चीनवरून, जपानच्या अंगाने पॅसिफिकवर उतरलं होतं, कारण तिथे वर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा पाट वाहतो आणि त्यात पडलं की वाट लांबली तरी वेळ वाचतो. वैमानिक किलोमीटर बघतच नाही, तो वारा आणि तेल बघतो. हे मला फार पटलं. पाटाच्या कडेने गेलेली वाट लांबची असली तरी सगळा गाव तिनेच जातो, हे मी मोजणीत कितीदा पाहिलंय. तरी तो रुमाल मी जपून आणला. हिने नंतर त्यात लवंगा बांधल्या.

आता परवाचं. नातीसाठी परकर-पोलकं शिवायला घेतलंय, गणपतीच्या आत पोचायला हवं. काठ लावून झाला, पोलक्याला हुक लावायचे राहिले होते. ही डबा धुंडाळत माझ्याकडे आली. "अहो, लाल दोरा होता माझा एक रिळाचा शेवटचा."

तो माझ्याकडे होता. लिफाफ्यात घालून, वर तारीख टाकून, 'मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को, मोजणी दोरा' असं लिहून टिपणासारखा ठेवला होता. मी म्हटलं, बाजारातून दुसरा आणून देतो. ती म्हणाली, "दोन हुकांसाठी कशाला?"

तिने लिफाफा फाडला, दोरा ओला करून सुईत ओवला आणि दोन्ही हुक लावले. गाठ मारून दाताने तोडला. उरलेलं टोक माझ्या तळहातावर ठेवलं आणि पोलकं उजेडात धरून बघायला लागली.

मी ते टोक पट्टीवर धरलं. सहा सेंटीमीटर. अडीच हजार किलोमीटर उरले होते.